विमानावरचा एक खरा ओरखडा

आमच्या थोरल्या साडूंना सगळे कॅप्टन म्हणतात. ते आयुष्यात एकदाच विमानात बसले आणि तेही उतरेपर्यंत डोळे मिटून. पण त्यांच्या घरी जेवढी विमानं आहेत तेवढी एखाद्या लहान देशाच्या हवाई दलात नसतील. कपाटावर विमानं, दूरदर्शन संचावर विमानं, पाहुण्यांच्या खोलीत पलंगाच्या बरोबर वर दोऱ्याने टांगलेली विमानं. त्या पलंगावर मी एकदा दुपारी आडवा झालो होतो. डोळा उघडला आणि वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि आता हल्ला होणार.

ही विमानं प्लास्टिकची, वीत-दीड वीत लांबीची, सुटे भाग चिकटवून केलेली. चिकटवणं हे त्यातलं सोपं काम, असं कॅप्टनचं म्हणणं. खरं काम त्यानंतर. विमान जोडून झालं, रंगवून झालं, नवंकोरं चकाकायला लागलं, की मग ते जुनं करायचं. पंखावरचा रंग उडालाय, कुठे तेल गळलंय, इंजिनामागे काजळी धरली आहे, दारापाशी मेकॅनिकच्या बुटांनी पृष्ठभाग खरवडलाय, असं सगळं हाताने घडवायचं. अशी विमानं करणाऱ्यांच्या त्यांच्या क्लबात या विद्येला ‘वेदरिंग’ म्हणतात. कॅप्टनची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला मीही ताईच म्हणतो. ती या विद्येला ‘मळवणं’ म्हणते. फोनवर मी विचारलं, “कॅप्टन काय करताहेत?” की पलीकडून उत्तर येतं, “मळवताहेत.”

आता यातली गंमत कळायला कॅप्टनची नोकरी माहीत हवी. ते फ्रीजच्या कारखान्यात शेवटचे तपासनीस होते. तयार झालेला फ्रीज पट्ट्यावरून सरकत त्यांच्यापुढे यायचा. हातात पांढरा सुती मोजा चढवून, मान तिरकी करून, दिव्याच्या उजेडात ते त्याच्या अंगावरून नजर फिरवायचे. केसाएवढा ओरखडा दिसला तरी फ्रीज परत. रंगखात्यातली माणसं त्यांची पावलं वाजली की श्वास धरायची. निरोप समारंभात कारखान्याने त्यांना एक फ्रीज भेट दिला. कॅप्टननी व्यासपीठावरच मान तिरकी केली, दाराच्या मुठीखाली बोट ठेवलं आणि फ्रीज परत पाठवला. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे सभागृहाला बराच वेळ ठरवता आलं नाही.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि हातात टूथपिक घेऊन ओरखडे काढायला बसला.

पद्धत मी इतक्यांदा ऐकली आहे की आता मलाही करता येईल, फक्त करायची इच्छा नाही. विमानाला आधी चंदेरी रंग द्यायचा, म्हणजे ते खालचं पत्र्याचं अंग झालं. त्यावर हेअरस्प्रे मारायचा. त्यावर वरचा रंग, हिरवा किंवा राखाडी. मग ब्रशने थोडं पाणी लावून टूथपिकने टोचायचं. आतला हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग टवके उडून निघतो आणि खालून चांदी दिसते. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ केलेला काळपट रंग सोडायचा, तो आपोआप फटीतून पळतो. काजळीसाठी खडूची पूड. हेअरस्प्रे ताईचा. एका पद्धतीत मीठही लागतं, तेही ताईचंच. आपल्या केसांसाठी कॅप्टन यातलं काही वापरत नाहीत. तिथे ते दर पंधरवड्याला काळा कुळकुळीत कलप लावतात आणि कानामागे एकही पांढरा केस राहू देत नाहीत.

ताईचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे ती आणि एक गाडी. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेली आहेत, आणि जाताना प्रत्येकाने गाडीवर आपली आठवण ठेवली आहे. डाव्या दारावर एका पोस्टमास्तरांचा पोचा होता, मागच्या बाजूला एका गायिकेचा. ताईला त्याचं काही नाही. कॅप्टनना मात्र ती गाडी दारात उभी दिसली की जेवण जात नसे.

“अगं, लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील? शिकवणीची गाडी म्हणतील. वर पाटीच आहे.”

“पाटी आहे म्हणून काय दारं चेपायची? शिकवतेस तरी काय मग?”

“चेपली की शिकतात,” ताई म्हणायची.

कॅप्टनपुढे कोणाचं चालतं? गाडी सारखी रंगाच्या गॅरेजात जायची आणि नवी होऊन यायची. आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकिणीचा हा नवरा स्वतः गाडी चालवायला शिकला नव्हता. कारण विचारलं तर म्हणायचे, “शिकताना गाडीला लागतं.”

*

आता क्लबाबद्दल. दरवर्षी एका शाळेच्या व्यायामशाळेत क्लबाचं प्रदर्शन भरतं आणि वेदरिंगचा फिरता करंडक दिला जातो. फिरता म्हणायचा एवढंच, कारण तो डॉक्टरांच्या दवाखान्यातून कधी हललाच नव्हता. डॉक्टर म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात पांढरेशुभ्र करायचे आणि संध्याकाळी विमानांवर डाग पाडायचे. इंजिनाची काजळी त्यांच्यासारखी कोणाला जमत नाही. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्यांचे दात जवळून पाहिलेत, त्याचा फायदा. करंडक त्यांच्या वाट पाहायच्या खोलीत, बरोबर समोरच्या कपाटात ठेवलेला. कॅप्टनचे दातही त्यांच्याकडेच. त्यामुळे दाढ ठणकत असताना समोर तोच करंडक बघत बसायचं, हा योग वर्षातून एकदा तरी यायचाच.

“या कॅप्टन,” डॉक्टर म्हणायचे, “मोठा आ करा. यंदा काय बनवताय?”

आ केलेला माणूस काय सांगणार?

क्लबाची एक चाल आहे. ज्याला करंडक मिळेल त्याने तो हातात घेण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून ते काम कसं केलं हे सांगायचं आणि करून दाखवायचं. स्वतःच्या हाताने. त्याशिवाय करंडक नाही. कोणीतरी पूर्वी कोणाकडून तरी विमान करून आणलं होतं म्हणे, तेव्हापासूनची ही चाल.

परीक्षक दुसऱ्या गावाहून यायचे, दरवर्षी तेच. उंच, किडकिडीत, हातात छोटा टॉर्च आणि भिंग. बोलणं कमी. विमानावर वाकायचे, टॉर्च फिरवायचे आणि “हं” म्हणायचे. कॅप्टनच्या विमानापाशी दरवर्षी ते बराच वेळ थांबायचे, दरवर्षी “हं” म्हणायचे आणि मग म्हणायचे, “सगळं अगदी जागच्या जागी आहे.” आणि पुढे जायचे.

पहिल्या वर्षी कॅप्टनना वाटलं, कौतुक केलं. मग हळूहळू लक्षात आलं की हीच तक्रार आहे.

यंदा त्यांनी जुनं दोन इंजिनांचं मालवाहू विमान घेतलं होतं. महिनोन्महिने त्याच्यावर बसले होते. मी आणि माझी बायको सहज गेलो होतो, तेव्हा ते टेबलापाशी डोळ्याला भिंग लावून टोचत होते. ताई चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाकून बघायला लागली.

“छान झालंय,” ती म्हणाली. “पण ओरखडे खोटे वाटतात.”

टूथपिक थांबली. “खोटे म्हणजे?”

“म्हणजे, प्रत्येक ओरखडा बघून काढल्यासारखा. अहो, माझ्या गाडीवर रोज पडतात, मला विचारा की. ओरखडा काढणारा नेहमी दुसरीकडे बघत असतो. तो इकडे बघत असता तर ओरखडा पडलाच नसता!”

चहा कॅप्टननी घेतला नाही, तो मी घेतला.

दुसऱ्या दिवशी मला फोन. “साडू, जरा येऊन जा. काम आहे.”

गेलो. त्यांनी मला समोर बसवलं, एका जुन्या, निकामी विमानाचा पंख हातात धरला आणि टूथपिक टेकवली. “मी तुमच्याकडे बघतो. तुम्ही मला बोलण्यात गुंतवा.”

मी माझ्या गुडघ्याबद्दल सांगायला लागलो. गुडघा हा माझा आवडता विषय आहे. हाडांच्या एका डॉक्टरांनी काय सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच्या उलट काय सांगितलं, जिना चढताना कुठे दुखतो आणि उतरताना कुठे. कॅप्टन माझ्या डोळ्यांत बघत होते, मान हलवत होते, हात चालू होता. थांबल्यावर आम्ही दोघांनी पंख पाहिला. एकाखाली एक, वहीत आखल्यासारख्या समांतर रेषा.

कॅप्टननी पंख खाली ठेवला. “तुमचं बोलणं ऐकण्यासारखं असतं तर जमलं असतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी टीव्हीवरचा सामना लावून पाहिलं, शेजारणीला बोलावून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. हात ऐकेचना. इतकी वर्षं त्या हाताला एकच शिकवण होती. शेवटी दमून त्यांनी मालवाहू विमानावर नेहमीसारखे नेटके ओरखडे काढले आणि वर बिनचमकीचं व्हार्निश फिरवलं.

“यंदाही ‘जागच्या जागी’ म्हणाले ना,” ते मला म्हणाले, “तर हे सगळं विकून टाकणार. टेबलसुद्धा.”

ताईने मला बाजूला घेतलं. “भावोजी, ते खरंच विकतील हो. आणि मग दिवसभर घरात हिंडतील. माझ्या गाडीभोवती हिंडतील!”

*

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी हजर झालो. विमान नेताना खोका मांडीवर धरायला कॅप्टन दरवर्षी मलाच बोलावतात. मला सामान धरता येतं आणि मला मत नसतं, या दोन गुणांमुळे घरात मला मागणी आहे.

सांगून ठेवलेली टॅक्सी आलीच नाही. कॅप्टन फाटकापाशी येरझाऱ्या घालत होते. ताईची गाडी समोर उभी, कालच गॅरेजातून रंगून आलेली, डोळे दिपतील अशी. ताईची शिकवणी ठरलेली होती आणि तिची शिकाऊ स्टिअरिंगवर बसलीही होती. गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई. साऱ्या जन्मात त्यांनी आवाज चढवला नव्हता. हॉर्न वाजवला तरी वाजवून झाल्यावर “सॉरी” म्हणायच्या, आणि तेही कुजबुजत.

“बसा,” ताई म्हणाली. “वाटेतच आहे शाळा. तुम्हाला सोडते, यांचीही शिकवणी होईल.”

“हिच्या... ह्यांच्या हातात विमान देऊ?”

“विमान भावोजींच्या हातात आहे. ह्यांच्या हातात फक्त गाडी आहे.”

कॅप्टन मागे बसले, मी त्यांच्या शेजारी, खोका माझ्या मांडीवर. खोक्यात चारी बाजूंना फोम, मध्ये विमान. एका कडेला कॅप्टनचा टोकदार चिमटा, ऐन वेळी एखादा अँटेनाचा तुकडा निखळला तर बसवायला. तो ते दरवर्षी ठेवतात आणि दरवर्षी तो तसाच परत येतो.

ग्रंथपाल बाईंनी गाडी सुरेख नेली. दोन वळणं घेतली, चौक ओलांडला. मग वाऱ्याने एक कागदी पिशवी उडत रस्त्याच्या मधोमध आली, आणि बाईंनी समोर हत्ती आल्यासारखा ब्रेक दाबला.

आम्ही सगळे पुढे गेलो आणि मागे आलो. खोक्यात काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज झाला.

“सॉरी,” बाई कुजबुजल्या.

“मेली का?” ताईने विचारलं.

“कोण?”

“पिशवी.”

कॅप्टननी माझ्या मांडीवरच खोक्याचं झाकण उघडलं. चिमटा एका टोकाकडून सुटून दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि जाता जाता त्याने विमानाच्या उजव्या कुशीवर एक ओरखडा ओढला होता. वैमानिकाच्या खिडकीपासून निघालेला, मध्ये कचरलेला, दारापाशी उडी मारलेला आणि शेपटीजवळ कंटाळून थांबलेला. हिरवा रंग, चंदेरी रंग, सगळं घेऊन खालचं प्लास्टिक दिसत होतं.

“हा माझा नाही,” कॅप्टन म्हणाले. आवाज अगदी कारखान्यातला. “परत घ्या गाडी. हे विमान जाणार नाही.”

“अहो, सगळं विमान तर ओरखड्यांनी भरलंय,” मी म्हणालो. “एकाने काय होतंय?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझा गुडघा आठवला.

“ते मी काढलेत,” ते म्हणाले. “हा आलाय.”

पण शाळा समोरच आली होती आणि डॉक्टर पायरीवर उभे होते. “या कॅप्टन! आणलंत का यंदा?” आता परत कसं जायचं? दुरुस्त करायला वेळ नव्हता, रंग वाळायलाच दुपार गेली असती. शेवटी कॅप्टननी विमान भिंतीलगतच्या टेबलावर ठेवलं आणि उजवी कूस भिंतीकडे वळवली. त्यांच्या तपासणीच्या काळात असा दोष झाकणाऱ्या माणसाचं त्यांनी काय केलं असतं, ते मी त्यांना विचारलं नाही.

*

परीक्षक आले. टॉर्च फिरला. डॉक्टरांच्या विमानापाशी “हं.” दुसऱ्या कोणाच्या तरी विमानापाशी “हं” सुद्धा नाही. मग कॅप्टनच्या टेबलापाशी थांबले. डावी कूस पाहिली. “हं. सगळं अगदी जागच्या...” आणि टॉर्चचा उजेड भिंतीवर जाऊन परत आला, तशी त्यांनी मान आत घातली. भिंत आणि विमान यांच्यामध्ये त्यांचं निम्मं डोकं अडकलं. बराच वेळ ते तसेच राहिले. कॅप्टन छताकडे बघत होते.

“हं?” आतून आवाज आला. मग वेगळ्या सुरात, “हं!”

निकाल सांगताना परीक्षक एरवी एक वाक्य बोलायचे, या वेळी चांगली चार बोलले. “हे बाकीचं विमान एका उत्तम कारागिराने रंगवलंय. पण ही एक रेघ कोणी काढलेली नाही. कुठल्यातरी घाईतल्या मेकॅनिकच्या शिडीने ती पडली आहे, आणि तो तसाच जेवायला निघून गेलाय. विमानाच्या बांधणीत असा निष्काळजीपणा मी आजवर पाहिला नव्हता.”

टाळ्या पडल्या. करंडक टेबलावर आणून ठेवला गेला. आता चालीप्रमाणे कॅप्टनना उभं राहून करून दाखवायचं होतं.

ते उभे राहिले. समोर चंदेरी रंगाची बाटली, हेअरस्प्रे, टूथपिक, पाण्याची वाटी, सगळं मांडलेलं. “आधी,” त्यांनी घसा साफ केला, “आधी चंदेरी रंग द्यायचा. मग हेअरस्प्रे...”

“एक मिनिट, कॅप्टन,” डॉक्टर पुढच्या रांगेतून म्हणाले. दातातली कीड शोधायची सवय असलेला माणूस तो. “हेअरस्प्रेने वरचा रंग उडतो आणि चांदी राहते. तुमच्या रेघेत तर थेट प्लास्टिक दिसतंय. ते कसं केलंत?”

कॅप्टननी करंडकाकडे पाहिलं. मग सर्वांत मागे उभ्या असलेल्या ताईकडे. ताई काही खूण करेल असं मला वाटलं. पण तिने हाताची घडी घातली आणि वाट बघत उभी राहिली.

मला माझे साडू आवडतात असं मी कधी म्हणालो नाही. पण त्या क्षणी ते कलप लावलेलं डोकं तिरकं झालं, अगदी पट्ट्यासमोर व्हायचं तसं, आणि ते म्हणाले, “हा ओरखडा माझा नाही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. टॅक्सी, पिशवी, ब्रेक, चिमटा. ताईबरोबर निकाल ऐकायला थांबलेल्या ग्रंथपाल बाई मागच्या रांगेत “सॉरी, सॉरी” म्हणत खाली खाली जात होत्या.

“म्हणजे पद्धत नाहीच,” डॉक्टर म्हणाले. “अपघात आहे. स्वतःच्या हाताने केलेलं नाही, तर करंडक कसा?”

पण बाकीच्या सभासदांच्या चेहऱ्यावर वेगळाच भाव होता. एकजण उठला. “खोका आतून किती लांब?”

“फोम जाड की पातळ?” दुसरा.

“चिमटा वाकड्या टोकाचा की सरळ?”

“आणि ब्रेक किती वेगाला?”

कॅप्टन गोंधळून उत्तरं देत होते. परीक्षकांनी टॉर्च वर केला. “पद्धत सांगितली आहे,” ते म्हणाले. “अपघात की पद्धत ते पुन्हा करून पाहिलं की कळेल. गाडी बाहेर आहे का?”

“पुन्हा?” डॉक्टर हसले. “शक्यच नाही. माझं विमान घ्या. हो, माझंच घ्या! मी स्वतः खोका धरून बसतो.”

अख्खा क्लब पटांगणात आला. डॉक्टर आपलं विमान खोक्यात ठेवून मागे बसले, चिमटा त्याच जागी. त्यांच्या शेजारी साक्षीदार म्हणून मी. ग्रंथपाल बाईंना चालकाच्या जागी बसवलं. कोणीतरी कागदी पिशवीही आणली होती.

आणि बाईंनी त्या दिवशी अशी गाडी चालवली की काय सांगू! वळण कसं लोण्यासारखं. पिशवी समोर फेकली तर तिला वळसा घालून गेल्या. पटांगणाला फेरी मारून गाडी जिथून निघाली तिथेच हलकेच थांबली. ताई शेजारी बसली होती. शिकाऊ शिकली याचा आनंद आणि करंडक चालला याचं दुःख, असे दोन्ही भाव तिच्या चेहऱ्यावर एकमेकांना जागा देईनात.

“बघा,” डॉक्टर म्हणाले. खोक्यात सगळं जागच्या जागी होतं.

परीक्षकांनी खिडकीतून आत पाहिलं. “नियम स्वतःच्या हाताने असा आहे,” ते म्हणाले. “मग कॅप्टननीच चालवायला हवी ना?”

“मला येत नाही,” कॅप्टन म्हणाले.

“ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंच्या नवऱ्याला?” गर्दीतून कोणीतरी. हशा पिकला.

“येतं की नाही ते मी ठरवीन,” ताई म्हणाली. “इकडे या. बसा.”

“अगं, गाडी कालच रंगून...”

“बसा म्हणते ना.”

कॅप्टन बसले. एकदा विमानात बसले होते तसेच, फक्त डोळे उघडे ठेवून. ताईने क्लच कुठला, ब्रेक कुठला ते सांगितलं. गाडीने दोनदा आचके दिले, तिसऱ्यांदा निघाली. डॉक्टरांनी खोका पोटाशी धरला.

“छान. हळूहळू. स्टिअरिंग सरळ. आता फाटकापाशी वळवा. अहो, समोर बघा. समोर!”

कॅप्टन समोरच बघत होते, पण रस्त्याकडे नाही. नव्या रंगाच्या बॉनेटवर, अगदी मधोमध, त्यांना एक ठिपका दिसला होता. त्यांची मान हळूहळू तिरकी व्हायला लागली.

“हा डाग कसला?” ते म्हणाले. “गॅरेजवाल्याने वाळायच्या आधीच...”

तेवढ्यात फाटकाचा खांब आला. म्हणजे खांब होता तिथेच होता, आम्ही आलो. पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबलचक, किंचाळल्यासारखा आवाज आला आणि गाडी बंद पडली. माझ्या शेजारी खोक्यातही तसाच एक आवाज झाला, बारीक.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो. ताईचा पाय त्याच्यावरच होता, मी मागून पाहिलं. तिने तो का दाबला नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

परीक्षकांनी डॉक्टरांच्या विमानावर टॉर्च धरला. नाकापासून पंखापर्यंत वेडीवाकडी रेघ. “हं!” ते म्हणाले. “पद्धत आहे.”

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. रडावं की काय, कळत नव्हतं, कारण विमान पूर्वीपेक्षा खरंच चांगलं दिसत होतं. त्यांनी हळूच मला विचारलं, “हा ओरखडा आता माझा धरायचा, की त्यांचा?”

तिकडे सभासदांनी ताईला घेरलं होतं. पुढच्या आठवड्यात वेळ आहे का, खोका आपला आणायचा की तुमचा, ग्रंथपाल बाई मिळतील की दुसरं कोणी. ताई म्हणाली, “बाई आता मिळणार नाहीत. त्यांना येतं.”

परीक्षक करंडक घेऊन आले आणि कॅप्टनना शोधायला लागले. कॅप्टन गाडीपाशी उकिडवे बसले होते. नव्या रंगावरून तो ओरखडा दारावर चढला होता, मुठीपाशी अडखळला होता, पुढे दोन रेघांत फुटला होता आणि चाकाच्या वर एका खड्ड्यात संपला होता. कॅप्टन त्यावरून बोट फिरवत होते. मोजा नव्हता.

ताई जवळ आली. “बघत काय बसलात? सोमवारी टाकते गॅरेजात.”

“नको.”

“काय?”

“राहू दे तो,” कॅप्टन म्हणाले. “माझा आहे.” आणि मान तिरकी करून पुन्हा एकदा नजर टाकली. “हे बघ. कुठेच सरळ नाही.”

परीक्षक करंडक हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. कॅप्टन काही उठायची चिन्हं दिसेनात. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे दिला. मला सामान धरता येतं.